आम्ही दोष उन्हाला दिला

माननीय संपादक,

महोदय,

ड जीवनसत्त्वाने मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूच्या नसांचा आजार बरा होतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. अशाच एका संदेशाने आमच्या घरी काय झाले ते कळवतो.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा सांगितली होती. संदेश वाचून ती रोज घेऊ लागली आणि आजाराचे महागडे इंजेक्शन तिने बंद केले. मे महिना, त्यात भुसावळचे ऊन. तिला सारखी तहान लागे, मळमळे, पोट साफ होत नसे. आम्ही म्हटले, ऊन लागले. पन्हे देत राहिलो, उशाशी कांदा ठेवला. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने कॅल्शियम फार वाढलेले निघाले, मूत्रपिंडांवर ताण आला होता. तोवर एका डोळ्याने अंधुक दिसू लागले होते. आजार उलटला होता.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. ड जीवनसत्त्व या यंत्रणेच्या पेशींवर काम करते, हल्लेखोर टी-पेशींना आवर घालणाऱ्या पेशींना बळ देते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे आशेला आधार आहे. फ्रान्समधल्या अभ्यासात (२०२५) नुकताच आजार सुरू झालेल्या, अजून मूळ औषध न घेणाऱ्या ३०० हून अधिक रुग्णांपैकी काहींना दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिले गेले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी ६० टक्क्यांमध्ये आजार पुन्हा सक्रिय दिसला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये ७४ टक्क्यांत. पण हा फरक मुख्यतः एमआरआयमधला. झटक्यांच्या, म्हणजे आजार उलटण्याच्या, संख्येत ठोस फरक नव्हता. अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात नेहमीच्या इंजेक्शनसोबत रोज ५,००० युनिट घेणाऱ्यांचे झटके ६०० युनिट घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले नाहीत. गोळीच्या भरवशावर इंजेक्शन सोडा, असे यातून कुठेच निघत नाही.

'रोज ऊन खा, गोळीची गरज नाही' हा सल्लाही आम्हाला पुष्कळांनी दिला, अगदी मायेने दिला. पण मायलिन झिजलेल्या नसा अंग तापले की आणखी मंदावतात. बहिणीला दुपारी अंगणात पाच मिनिटे बसले तरी पाय जड होतात. गारव्यात आल्यावर सुधारते, पण ते पाहताना जीव कासावीस होतो. ऐन उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या रुग्णाला कुणी असा सल्ला देऊ नये.

औषध दुकानदारांना हात जोडून विनंती आहे की गोळीच्या पाकिटावर ठळक मराठीत 'आठवड्यातून एकदाच' लिहा आणि वारही लिहा. आमची आई आता कॅलेंडरवर रविवारी खूण करते. आपल्या आरोग्य पानावर ड जीवनसत्त्वाच्या अशा अभ्यासांची बातमी आली तर मात्रा किती होती आणि रुग्ण मूळ औषध घेत होते का, हे दोन तपशील जरूर छापावेत.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, भुसावळ (जि. जळगाव)