वाळू टाका, पण चिखल बसल्यावर

संपादक महोदय,

ठाणे खाडीतला गाळ उपसा, अशी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. मागणी रास्त आहे, पण उपसलेला गाळ टाकायचा कुठे, हे कुणी लिहीत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखाने आहेत, आणि खाडीच्या गाळात पारा व इतर जड धातू असल्याचे अभ्यास जुनेच आहेत. हा गाळ बार्जने बाहेर नेऊन ओतला, तर मच्छीमारांच्या जाळ्यात तोच परत येणार.

बॉस्टन बंदरात १९९७ ते २००० या काळात यावर एक उपाय झाला. खाडीच्या तळालाच खोल खड्डे खणले, दूषित गाळ त्यांत भरला आणि वर साधारण तीन फूट स्वच्छ वाळूचा थर दिला. धातू बारीक चिकणमातीला धरून राहतात. वाळूमुळे तो गाळ प्रवाहाबरोबर उठत नाही आणि किडे-शिंपल्यांना त्यात बिळे करता येत नाहीत. कल्पना उत्तमच आहे. पण सुरुवातीच्या काही खड्ड्यांत गाळ पुरता बसायच्या आत वाळू टाकली गेली आणि ती जागोजागी चिखलात बुडाली. पुढच्या खड्ड्यांना म्हणून जास्त वेळ दिला गेला.

हे मला नवल वाटत नाही. माझी सगळी नोकरी बंदराच्या सर्व्हे लाँचवर, म्हणजे तळाची मोजणी करणाऱ्या बोटीवर, झाली. ताज्या गाळावर इको साउंडर (आवाज सोडून पाण्याची खोली मोजणारे यंत्र) चालवला की कागदावर दोन तळ उमटतात. २१० किलोहर्ट्झचा आवाज वरच्या पातळ चिखलावरूनच परततो, ३३ चा खाली घट्ट तळापर्यंत पोचतो. मधे कधी हात-दोन हात नुसती लापशी. शिशाचा ओळंबा सोडला तर कुठे टेकला ते हाताला कळतच नाही. त्यावर बार्जचा तळ उघडून एकदम वाळू ओतली, तर ती खाली जाणार आणि चिखल वर येणार! वाळू चालत्या बार्जवरून, पातळ थरांनी पसरावी लागते, आणि आपल्याकडे तर उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढते-उतरते. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस धरूनच हे काम करावे लागेल.

शिवाय ही स्वच्छ वाळू येणार कुठून? रात्री सक्शन पंप लावून शेजारच्या खाडीतून उपसलेली रेती इथे आणायची असेल, तर न केलेले बरे.

उद्या असे काम निघालेच, तर ठेकेदाराला बार्जच्या खेपा मोजून पैसे देऊ नयेत. तळातून नळीने नमुना काढावा, त्यात वाळूचा थर किती इंच भरतो ते पाहावे आणि तेवढ्याचेच बिल मंजूर करावे. पुढचा पावसाळा उलटल्यावर त्याच जागी पुन्हा नमुना काढावा आणि अनामत रक्कम त्यानंतरच सोडावी.

— एक निवृत्त बंदर सर्वेक्षक, कळवा