जखम भरली, मग पुढे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला भाजण्यावरचा लेख वाचला. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरा, बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका, हे चौकटीत छापलेत ते फार चांगले केलेत. पण 'जखम भरली की रुग्ण पूर्ववत होतो' असे म्हणून लेख तिथेच संपवला आहे. ते वाचून माझा जीव तळमळला.

माझी मुलगी 3 वर्षांची असताना, विसण घालायच्या आधीच अंघोळीची बादली कलंडली आणि तिचा उजवा हात दंडापर्यंत भाजला. घाबरून आम्ही टूथपेस्ट थापली. दवाखान्यात ती धुऊन काढताना पोरीने फोडलेला टाहो मी विसरलेले नाही. ती चूक आमची. पण दीड महिना ड्रेसिंग झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "जखम भरली, आता यायची गरज नाही." आम्ही देवापुढे पेढे ठेवले. तीन महिन्यांत व्रण लालभडक आणि दोरीसारखा जाड झाला. रात्र रात्र खाज. दुखते म्हणून ती हात दुमडून छातीशी धरायची आणि आम्ही मायेपोटी तसाच राहू द्यायचो. त्याच अवस्थेत कातडी आखडली. कोपर सरळ होईना.

भरायला 3 आठवड्यांहून जास्त वेळ घेणाऱ्या जखमेचा व्रण बहुधा जाड होतो, हे आम्हाला पुढे दुसऱ्या गावातल्या प्लास्टिक सर्जननी सांगितले. असा व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागते. तोवर मापाने शिवलेली घट्ट बाही (प्रेशर गारमेंट) दिवसाचे 23 तास घालायची, फक्त अंघोळीला आणि मालीशला काढायची. सिलिकॉनची पट्टी, रात्री कोपर सरळ ठेवणारा स्प्लिंट, रोजचा व्यायाम हे वेगळेच. बाही सैल पडते, मूल वाढते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नवी. तो खर्च पदरमोड करूनच केला. तरी उशीर झालाच होता. आखडलेला भाग मोकळा करून मांडीची कातडी लावावी लागली. लावलेली कातडी हाताच्या वाढीला पुरली नाही, म्हणून 11व्या वर्षी पुन्हा शस्त्रक्रिया. पहिल्या दवाखान्यात कोणी एवढेच म्हणाले असते, "हात सरळ ठेवा, फिजिओथेरपी सुरू करा," तर कदाचित दोन्ही वेळा तिला टेबलावर झोपवावे लागले नसते. हे सांगायला किती वेळ लागतो हो?

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या अगदी खाली, 'भाजल्याचे डाग 15 दिवसांत गायब' अशी मलमाची जाहिरात आहे. असली तीन-चार मलमे आम्ही आणली आहेत. त्यात पैसे गेले ते गेलेच, पण मलमाच्या भरवशावर मोलाचे महिने वाया गेले. जाहिराती तुम्हाला लागतात, हे समजते. पण भाजलेल्या लेकराची आई तो लेख वाचून तिथेच खाली बघणार, एवढा तरी विचार करायला हवा होता.

पुढच्या पुरवणीत जखम भरल्यानंतरच्या उपचारांवर लिहावे, तेही प्लास्टिक सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट दोघांना विचारून. आणि स्प्लिंट बांधलेल्या हाताचे चित्र छापावे. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा कोपर आखडून बसले होते.

आपली वाचक,
एक आई, सांगली