दोष एकट्या भुंग्याचा नाही

संपादक महोदय,

खोडकिडा लागला म्हणून नागपुरातील रस्त्याकडेचे आंबे तोडण्याचे समर्थन करणारे पत्र वाचले. ते पटले नाही. हा खोडकिडा म्हणजे लांब शिंगांच्या (स्पर्शिकांच्या) भुंग्याची अळी, आणि असे बहुतेक भुंगे आधीच दुबळ्या झालेल्या किंवा मेलेल्या लाकडातच अंडी घालतात. शेजारच्या मध्य प्रदेशात नव्वदच्या दशकात सालवृक्षांची लाखोंनी हानी झाली, ती अशाच एका भुंग्यामुळे. पण जोमदार सालवृक्ष राळ सोडून कोवळ्या अळ्या बुडवून मारतो.

आमच्या गल्लीतील आंब्याला सिमेंटचे गट्टू बुंध्याला भिडवून बसवले आहेत. पाणी मुरायला बोटभर जागा नाही! गेल्या महिन्यात त्याच गट्टूंवर ओल्या रव्यासारखा भुसा पडलेला दिसला. आंब्यावरील भिरुडाची, म्हणजे याच लांब शिंगांच्या भुंग्याची, अळी आत असल्याची ही खूण. छिद्रात तार घालून अळी काढायची, पेट्रोलात भिजवलेला बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा, हा उपाय बागायतदार वर्षानुवर्षे करत आले आहेत. करवत आणण्याआधी गट्टू उचलून बुंध्याभोवतीची माती मोकळी करावी.

– एक वाचक, नागपूर