तात्यासाहेबांचं नाशिक पायी दाखवायचंय, हात हवेत

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पंधरा-वीस जण अशोकस्तंभापाशी जमतो आणि तिथून गंगेकडे चालू लागतो. (बाहेरच्यांसाठी सांगायला हवं: नकाशात गोदावरी असली तरी नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच म्हणतो.) फेरीचा विषय एकच. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे इथल्या जुन्या माणसांचे तात्यासाहेब, आणि त्यांचं गाव. तीन वर्षं पदरमोड करून भागवलं. आता भागत नाही, म्हणून हे आवाहन. आधी फेरी कशी असते ते सांगतो, मग हात पसरतो.

तात्यासाहेबांचा जन्म पुण्याचा, २७ फेब्रुवारी १९१२. नाव गजानन. काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. बालपण पिंपळगाव बसवंतला गेलं आणि १९२४ साली शिकायला नाशकात आले. त्यांची न्यू इंग्लिश स्कूल म्हणजे आजचं रुंगटा हायस्कूल, म्हणून आमची सुरुवातही शाळेच्या फाटकापासून. ‘कुसुमाग्रज म्हणजे काय?’ असं इथे एखादं पोर हमखास विचारतं. सहा भावांत एकच बहीण, कुसुम. तिचा मोठा भाऊ तो कुसुमाग्रज. हे कळल्यावर पोरं आपापल्या बहिणींची नावं लावून टोपणनावं पाडायला लागतात आणि रविवार कारंजा येईपर्यंत त्यांचं तेच चालतं. चालू द्यावं.

कारंज्यावरून सराफ बाजारात शिरलं की सरकारवाडा. इथे आम्ही सर्वांत जास्त रेंगाळतो. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय बरीच वर्षं याच वाड्यात नांदलं. आता ते टिळकपथावर आहे. तात्यासाहेब पुढे त्याचे अध्यक्षही झाले. पण आम्ही लोकांना दाखवतो त्या वाड्याच्या दगडी पायऱ्या. गंगेला पूर आला की सराफ बाजारात एकच चौकशी असते, पाणी कितव्या पायरीला लागलं? १९६९ च्या महापुराची गोष्ट सांगणारे अजून भेटतात. २००८ चा सप्टेंबर तर आमच्यातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी आमच्या वाचक मंडळाच्या खजिनदारांच्या दुकानात छातीपर्यंत पाणी होतं. त्यांनी वहीखाती माळ्यावर टाकली, पण माल वाचवता आला नाही. पाणी उतरल्यावर चार दिवस घमेल्याने चिखल काढला. गंगेचा चिखल कसा असतो ते काढणाऱ्यालाच ठाऊक. वरून वाळल्यासारखा दिसतो, आत फावडं घातलं की लोण्यासारखा बसतो आणि वास महिनाभर जात नाही.

म्हणून ‘कणा’ ही तात्यासाहेबांची कविता आम्ही याच पायऱ्यांवर वाचतो. पुरात घर गेलेला एक माजी विद्यार्थी भर पावसात आपल्या सरांकडे येतो, एवढीच तिची गोष्ट. पाठ्यपुस्तकातून ती महाराष्ट्रभर गेली, शाळांच्या भिंतींवर रंगली, निरोपसमारंभात म्हणून म्हणून गुळगुळीत झाली. पण त्यातली पाहुणी आलेली गंगामाई ही गंगामाई आहे. भिंत खचते, चूल विझते, बायकोला घेऊन माणूस चिखल उपसतो, ते सगळं इथून हाकेच्या अंतरावर दर काही वर्षांनी घडत आलंय. पायरीवर बसून ऐकलं की पाठ असलेल्या माणसाचाही आवाज अडखळतो.

मागच्या फेरीत ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा आले होते. मुलाने स्कूटरवरून सरकारवाड्यापर्यंत सोडलं. कविता संपल्यावर त्यांनी काठी उचलली आणि समोरच्या भिंतीवर एक जागा दाखवली, ‘एकूणसत्तरला इथपर्यंत.’ मग म्हणाले, ‘कॉलेजात असताना तात्यासाहेबांकडे गेलो होतो, टिळकवाडीत. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं विसरलो. चहा प्यायलो नि परत आलो.’ एवढंच. पण सातवीतली दोन मुलं त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिली. आम्ही तोवर दिलेल्या सनावळीपैकी एकही त्यांच्या लक्षात राहिली नसेल, हे चहाचं मात्र राहील.

आजोबा पुढे येऊ शकले नाहीत. भांडी बाजाराचा उतार, दगडी पायऱ्या, घाटावरचं शेवाळ. आमची अडचण नेमकी हीच आहे. तात्यासाहेब १० मार्च १९९९ ला गेले. त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांचे गुडघे या रस्त्याला तयार नाहीत. जी मुलं तुरुतुरु चालतात त्यांना सांगायला शेजारी कुणी नसतं.

पुढचा रस्ता असा. भांडी बाजारातून खाली उतरलं की नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागलं यावर अख्खं शहर पुराचा अंदाज बांधतं. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथून आलेली, पोर्तुगीज घडणीची. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, हे पंचवटीतलं पोरही सांगेल.

तिथून काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. हं. प्रा. ठा. (एच. पी. टी.) महाविद्यालयात शिकणारे तरुण शिरवाडकर १९३२ मध्ये त्यात सामील झाले. त्यांचं वय तेव्हा वीस. पुढे दहा वर्षांनी ‘विशाखा’ हा त्यांचा कवितासंग्रह आला, वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने छापलेला. ‘विशाखा’तला अन्यायाविरुद्धचा आवाज कुठून आला याचं उत्तर पुस्तकी टीकेत शोधण्याआधी माणसाने या दरवाजासमोर दहा मिनिटं उभं राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. देवदर्शनाची रांग एका बाजूने सरकत असते, आम्ही दुसऱ्या बाजूला उभे. गर्दीत आवाज पोहोचत नाही आणि मागचे लोक ‘काय म्हणाले, काय म्हणाले’ करत राहतात. माइकची गरज आहे ती इथे.

टिळकवाडीतलं त्यांचं घर, जिथे आज कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, आणि गंगापूर रोडवरचं स्मारक हा भाग आम्ही वेगळ्या दिवशी घेतो. एका सकाळी सगळं उरकायला गेलं की लोक स्मारकापाशी फक्त घड्याळ बघतात. मधली पुण्या-मुंबईतली पत्रकारीची वर्षं, सिनेमात केलेली लक्ष्मणाची भूमिका, १९६४ चं मडगावच्या संमेलनाचं अध्यक्षपद, ‘नटसम्राट’, १९८७ चं ज्ञानपीठ, हे त्या दिवशी बसून बोलायचं.

आता मागण्या.

पहिली, नकाशा. गेल्या वर्षी आम्ही हौसेने सहा ठिकाणी फ्लेक्स लावले होते. दोन वाऱ्याने गेले, तीन रस्त्याच्या खोदकामात गेले आणि सहावा महिनाभराने एका पेरूच्या गाडीवर ताडपत्री म्हणून दिसला. ‘कुसु’ एवढीच अक्षरं बाहेर, बाकी पेरूंखाली. आमचा राग नाही, त्याचे पेरू तरी कोरडे राहिले. पण २०२७ च्या सिंहस्थाची कामं संपेपर्यंत भिंतीवर काही टिकणार नाही हे कळून चुकलं. म्हणून खिशात मावेल असा घडीचा नकाशा छापायचा आहे. दोन हजार प्रती, प्रतीला १८ रुपये, म्हणजे ३६ हजार. नकाशा काढून तयार आहे, शुद्धलेखन दोन शिक्षकांनी तीनदा तपासलंय, भांडणंही झाली आहेत.

दुसरी, दोन व्हीलचेअर. साडेसात हजारांची एक, असे १५ हजार. कुणाच्या घरी वापरात नसलेली असेल तर तीच द्या. चाकं आम्ही बदलून घेऊ. खांद्याला अडकवायचा स्पीकर-माइक सहा हजार, आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं यंत्र आठ हजार, वर्षभराच्या चहा-पाण्याला सहा हजार. एकूण ७१ हजार. त्यातले २३ हजार ४०० सभासदांनी जमवले. ४७ हजार ६०० कमी पडतात. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल आणि हिशेब दर तीन महिन्यांनी फेरीच्या वेळी वाचून दाखवला जाईल. आयकरात सवलत मात्र मिळणार नाही, तसलं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. ‘कणा’तला पोरगा पैसे नको म्हणाला होता हे आम्हाला ठाऊक आहे. तो मोठ्या मनाचा. आम्हाला छापखान्याचं बिल भरायचंय.

तिसरी मागणी तरुणांकडे. व्हीलचेअर ढकलायला आणि पायऱ्यांवर उचलायला प्रत्येक फेरीला आठ जण लागतात. कविता आवडलीच पाहिजे अशी अट नाही, मनगटात जोर हवा.

चौथी मागणी सगळ्यांत अवघड. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, त्यांनी तात्यासाहेबांना पाहिलं असेल, लोकहितवादी मंडळाच्या नाटकांच्या तालमींत लुडबुड केली असेल, सत्याग्रहाची गोष्ट वडिलांकडून ऐकली असेल, पुरात वाडा सोडला असेल, तर आम्हाला अर्धा तास बोलू द्या. जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, सहीची पुस्तकं घेऊन जाणार नाही. तुमच्यासमोर मोबाइलवर टिपून तिथेच परत देऊ. हा नियम एका आजींनी घालून दिलाय. त्यांचा फोटो परत करायला आम्हाला चार महिने लागले होते आणि त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या नाशिककरांनी पैसे पाठवले तर आनंदच, पण सुट्टीला आलात की एक रविवार राखून ठेवा. पोरांना घेऊन या.

नकाशा २७ फेब्रुवारीच्या आधी हातात हवा, म्हणून देणगी जानेवारीअखेर द्यावी. फेरीच्या सकाळी अशोकस्तंभापाशी पावतीपुस्तक घेऊन खजिनदार उभे असतात. रंगपंचमीच्या आसपास जुन्या गावात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात, तेव्हा रस्ता बदलतो. आदल्या रविवारी सांगू. चपलांपेक्षा पकड असलेले बूट बरे, घाटावर घसरतं. पावसाळ्यातही फेरी बंद नसते. फक्त मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं असेल तर आम्ही पात्रात उतरत नाही, सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरच बसतो. चहा तिथेच मिळेल.

आपले,
जुन्या नाशकातल्या वाचक मंडळाचे कार्यकर्ते