किती इंच विचारता, किती वजन ते का नाही विचारत?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी मोहोळ तालुक्यातला, सीनेच्या काठचा. डाळिंब आहे, थोडा ऊस आहे. सप्टेंबर २०२५ ला सीनेला जो पूर आला, लांबोटीपाशी पुणे हायवे बंद पडला होता तो, त्यानंतर आमच्याकडं पोरांनी पिकअप उंच करून घ्यायचं लई मनावर घेतलंय. गरज खोटी नाही. पाणी ओसरल्यावर वस्तीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्या, काळी माती वाळून दगडासारखी झाली आणि मधला उंचवटा आमच्या डबल केबिन पिकअपच्या पोटाला खर्र करून घासायचा, दर फेरीला जीव वरखाली व्हायचा. म्हणून आम्ही पण लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायच्या स्प्रिंग-शॉकअपचा सेट टाकला, आणि चुकीचा टाकला. ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे पत्र.

पुतण्याला घेऊन एका गॅरेजला गेलो. मिस्त्रीनं गाडीकडं बघितलं आणि पहिला प्रश्न, "मालक, किती इंच टाकू? दोन का तीन?" पुतण्या म्हणला तीन. बास, तेवढ्यावर काम ठरलं. गाडीत रोज काय असतं, किती माणसं बसतात, किती दिवस रिकामी पळते, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्ही पण सांगितलं नाही. खरं तर सगळं तिथंच ठरतं. लिफ्ट किटच्या कंपन्या एकाच गाडीला दोन-तीन प्रकारचे पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) विकतात, रिकाम्या चालणाऱ्या गाडीला वेगळे आणि मागं कायम दोन-चारशे किलो असणाऱ्या गाडीला वेगळे. आमच्या गाडीत जास्तीत जास्त फवारणीचा दोनशे लिटरचा ड्रम, म्हणजे दोनशे किलो, तो पण महिन्यातून चार-पाच दिवस. आणि बसवले कायम वजनाचे कडक पाटे. दोनशे किलोनं ते हालतसुद्धा नव्हते, रिकाम्या गाडीला तर मंगळवेढा रोडला प्रत्येक गतिरोधकावर मागचा भाग हवेत. आईला मणक्याचा त्रास, ती एकदा बसली आणि म्हणली मला एसटीनं जाऊ दे.

पुढं तर अजून घोळ. अशा पिकअपना मागं पाटे आणि पुढं कॉइल स्प्रिंग असते, तिथं शॉकअपच्या डोक्यावर लोखंडी चकती घालून उंची काढतात कारण ते स्वस्त पडतं. पण शॉकअप चाकापाशी नसतो, चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या आर्मच्या मधे कुठंतरी बसलेला असतो, त्यामुळं एक इंचाची चकती घातली की चाकापाशी एक इंचापेक्षा बरंच जास्त उचललं जातं. हे आम्हाला नंतर कळलं. आमची गाडी फोर बाय फोर, पुढच्या चाकांना फिरवणारे एक्सल तिरपे झाले, तीन महिन्यात एका बाजूच्या एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला आणि चाकाच्या आतल्या बाजूला सगळं काळं ग्रीस उडालेलं, वळवताना टिकटिक आवाज.

आणि जे बघून माझ्या हातापायातलं बळ गेलं ते सांगतो. पंक्चर काढायला गाडी चॅसीला जॅक लावून उचलली, मागचा ॲक्सल खाली लोंबला, आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणलेल्या तारेसारखा दिसला. बोटानं दाबला तर दबेना. जिथं तो लोखंडी नळीला जोडतो तिथं बारीक चिरा पडलेल्या. खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं असतं आणि पाइप तुटला असता तर? गाडीत त्या दिवशी घरातली पाच माणसं होती. पाइप लांब टाकायला फार खर्च येत नाही हो, फक्त बघायला पाहिजे. काही पिकअपला मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, तो मागचा भाग किती दबलाय त्यावरून वजन ओळखतो. गाडी उंच केली आणि तो परत सेट केला नाही तर त्याला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना हे कळून काय उपयोग?

शेवटी दुसऱ्या गॅरेजला सगळं काढलं. तिथल्या मिस्त्रीनं आधी तासभर नुसतं विचारलं, मग टेप घेऊन चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेऊन कागदावर लिहिली. ४० मिलीमीटरचा सेट टाकला, हलके पाटे, त्या उंचीचेच शॉकअप, पाटे ॲक्सलला धरणारे नवे यू बोल्ट (जुने ताणलेले असतात, परत वापरायचे नाहीत), ब्रेक पाइप लांब. पाट्यांच्या टोकाच्या रबरी बुशचे बोल्ट त्यानं गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, लटकत्या गाडीला आवळले तर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं म्हणला. मग अलाइनमेंट, हेडलाइट खाली घेतल्या, आणि हजार किलोमीटरच्या आत यू बोल्ट परत आवळायला बोलावलं. तो कागद अजून गाडीत आहे.

पोरांनो, अजून एक. लिफ्टनं चॅसी उंच होते, मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा होता तिथंच राहतो, तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो. म्हणजे दगडाला आधी तोच लागणार. आणि पुलावरून पाणी वाहत असताना उंच गाडी आहे म्हणून घालू नका. दोन फूट वाहतं पाणी पिकअपला ढकलून नेतं, इंच दोन इंचानं त्यात काही फरक पडत नाही. सीना आम्ही बघितलीय.

कायद्याचं पण सांगतो कारण गॅरेजवाले सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आता साधा शेतकरी सस्पेन्शनबद्दल यातनं काय समजणार? माझी आरटीओला हात जोडून विनंती आहे की कुठला बदल चालतो, कुठला नाही, कुठल्या बदलाला आधी परवानगी घ्यायची हे एका पानावर सोप्या मराठीत लिहून ऑफिसच्या दारात आणि एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या गॅरेजांमधे लावावं. आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात, कुठल्या वजनाचे पाटे टाकले, आधी आणि नंतरची चारी चाकांची मापं, आणि ब्रेक पाइप बदलला का नाही.

साहेब, पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर आमच्या गाडीचं रडगाणं कापा, पण ब्रेक पाइपचं तेवढं ठेवा.

आपला,
एक डाळिंब उत्पादक, ता. मोहोळ, जि. सोलापूर