भूगोलाच्या बाईंना भूगोल शिकवणाऱ्या मॉरिशसच्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मॉरिशसहून आम्ही चौघे मे महिन्याच्या अखेरीस सुखरूप रत्नागिरीस परतलो. त्यानंतर शाळा सुरू झाली, पाऊस आला, आणि तुम्हाला लिहावयाचे पत्र रोज उद्यावर जात राहिले. विमानतळावर निरोप देताना तुम्ही म्हणाला होतात, ‘आभार मला नकोत, पुढे येणाऱ्यांना सांगा.’ तुमचे अर्धे म्हणणे ऐकते आहे. आमची सहल आखून दिल्याबद्दल तुमचे आभार मानल्यावाचून माझ्याने राहवणार नाही. मात्र ते उघडपणे मानते, म्हणजे तुमच्या बेटावर जाऊ पाहणाऱ्या इतर कुटुंबांनाही त्यातले काही उपयोगी पडेल.

प्रथम माझी लाज सांगून टाकते. गेली तेवीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवते. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे, वाताभिमुख उतार, पर्जन्यछायेचा प्रदेश या साऱ्याच्या आकृत्या मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. असे असूनही स्वतःच्या कुटुंबाची सहल ठरवताना मी नाताळची सुट्टी आणि जानेवारीचा पहिला आठवडा निवडला, आणि मुक्कामासाठी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे बेल मार पसंत केले, कारण माहितीपुस्तिकेतल्या छायाचित्रात तिथली वाळू सर्वांत पांढरी दिसत होती. ज्या सहल कंपनीकडे आम्ही प्रथम गेलो तिने या दोन्ही गोष्टींना हसतमुखाने होकार दिला आणि वर एकाच दिवसात उत्तर, दक्षिण आणि मधले डोंगर असे सारे बेट दाखवण्याचे आश्वासनही दिले.

माझ्या सहकारी शिक्षिकेची आणि तुमची तुमच्या महाराष्ट्रभेटीत ओळख झाली नसती, तर आम्ही तसेच गेलो असतो. तिने दिलेल्या क्रमांकावर मी भीतभीतच फोन केला. तुमच्याकडे रात्रीचे साडेसात वाजले होते, आमच्याकडे नऊ. तुम्ही काय पाहायचे आहे, हे विचारलेच नाही. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘कोण कोण येणार आणि सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?’ आणि दुसरा, ‘जानेवारी कोणी सांगितला?’ जानेवारी ते मार्च हा तुमच्याकडे चक्रीवादळांचा मुख्य काळ. वादळ जवळ आले की इशाऱ्यांची पायरी चढत जाते, व्यवहार बंद होतात आणि पाहुणा खोलीत अडकून पडतो, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलेत की मला माझ्याच फळ्यावरची आकृती आठवली आणि कान गरम झाले. मे महिना ठरला. आमची उन्हाळी सुट्टी, तुमच्या हिवाळ्याची सुरुवात, कोरडी हवा आणि पोहण्याजोगे कोमट पाणी, असे सगळे त्यात जुळून आले.

मुक्कामाची जागा तुम्ही दुसऱ्या फोनमध्ये बदलायला लावलीत. मे ते ऑक्टोबर या महिन्यांत आग्नेयेकडून येणारा वारा पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतो. पांढरी वाळू तिथेच असते, पण ती डोळ्यांत जाते, असे तुमचे शब्द होते. ढग मधल्या पठारावर, वाक्वा आणि क्युरपीपच्या बाजूला पाऊस टाकतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीत पश्चिमेकडून आलेला पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेचा माण-खटाव कोरडा राहतो; तुमच्या बेटावर तेच चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे आहे. हा धडा मी यंदा नववीच्या वर्गात तुमच्या बेटाचे उदाहरण देऊन शिकवला. पश्चिमेकडच्या फ्लिक आँ फ्लाकला आम्ही राहिलो, आणि सकाळी आमच्याकडे ऊन असताना डोंगरापलीकडे क्युरपीपवर ढगांचे झाकण बसलेले आम्हाला रोज दिसत असे. तुम्ही आग्रहाने बरोबर घ्यायला लावलेले स्वेटर पठारावर गेलो त्या दोन्ही दिवशी उपयोगी पडले.

ताई, तुमचे खरे उपकार तुम्ही आमच्या यादीतून जे खोडलेत त्यात आहेत. आमची यादी एकोणीस ठिकाणांची होती. तुम्ही त्यातली आठ ठेवलीत. इल ओ सेर्फ हे बेट पूर्वेला, वाऱ्यात आणि गर्दीत, म्हणून गेले. पहाटे मोटारबोटींनी डॉल्फिनच्या मागे धावण्याचा कार्यक्रम तुम्ही ‘त्या बिचाऱ्यांना सकाळची झोप तरी मिळू द्या’ एवढ्या एका वाक्यात काढून टाकलात. शामारेलची सात रंगांची माती तुम्ही ठेवलीत, पण अर्ध्या तासाच्या अटीवर. अर्धा तास खरोखर पुरला. मला वाईट वाटले होते ते फक्त दक्षिणेच्या ग्री ग्रीबद्दल, कारण तिथे पोहायचे नाही असे तुम्ही ठणकावून सांगितले होते. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तिथे तुटते, आणि जी लाट इतरत्र भिंतीवर फुटून किनाऱ्याला लहरीसारखी लागते तीच इथे थेट कड्यावर येते. तिथे उभे राहिल्यावर वाद संपला. गुहागरच्या समुद्राला पाहून वाढलेल्या माझ्या यजमानांनीही दोन पावले मागे घेतली.

फ्लिक आँ फ्लाकच्या खाजणात (तिथल्या शांत, उथळ पाण्याला दुसरा शब्द मला सुचत नाही) सासूबाई नऊवारी सावरून गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभ्या राहिल्या. प्रवाळाचे धारदार तुकडे, काटेरी सी अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश यांच्यामुळे पाण्यात अनवाणी उतरू नये, म्हणून रबरी बूट आधीच विकत घेण्यास तुम्ही सांगितले होते. सासूबाईंनी ते नऊवारीखाली कुरकुरत घातले आणि नंतर काढायलाच तयार होईनात. किनाऱ्यावर सुरूची झाडे पाहून त्या म्हणाल्या, ‘हे तर आपल्यासारखेच आहे.’ रविवारी त्याच सुरूंच्या सावलीत पातेली, चटया आणि मोठ्या डफासारखे रावान हे वाद्य घेऊन तिथली कुटुंबे दिवसभर बसली होती. किनारा हॉटेलासमोरचा असला तरी भरतीच्या रेषेपर्यंत तो सर्वांचा असतो, पाहुण्यांनी संकोच करू नये, हेही तुम्हीच सांगितलेत, आणि एका ठिकाणी पहारेकऱ्याने हटकल्यावर तुमचे ते वाक्य मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये बोलून दाखवले. तो हसला आणि बाजूला झाला.

आता डोंगरांबद्दल. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, कळसूबाई दोनदा चढला आहे, आणि त्याला ल मोर्नची 556 मीटर ही उंची वाचून हसू आले होते. तुम्ही त्याला फोनवर बोलावून घेतलेत आणि विचारलेत की कळसूबाईची चढाई सुरू होते ते बारी गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे. त्याला सांगता आले नाही. मला आले असते, पण मीही तो विचार केला नव्हता. ल मोर्नला पायथा समुद्रातच आहे. तिथे मोजलेले जवळजवळ सगळे मीटर पायांनाच चढावे लागतात. त्यातही पहिला भाग रुंद मातीच्या रस्त्याचा आणि सोपा, आणि शेवटचा भाग हातांनी काळा खडक धरून चढण्याचा. शेवटच्या भागात पाऊस असेल तर परत फिरा, वाटेच्या शेवटी असलेल्या क्रूसापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही, असे तुम्ही बजावले होते. शिवाय मे महिन्यात संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार वेळ थांबत नाही, म्हणून उजाडताच निघा आणि दुपारच्या जेवणाला खाली या, हे वेळापत्रकही तुमचेच.

आम्ही तिघे क्रूसापर्यंत पोहोचलो. खालच्या पाण्यात वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल निळ्यात ओघळताना समुद्रात धबधबा कोसळल्याचा भास होतो, असे म्हणतात. तो नीट दिसण्यासाठी विमानातून पाहावे लागते, आणि त्या महागड्या फेरीचा मोह तुम्ही आम्हाला होऊ दिला नाहीत. मला मात्र तो कातळच अधिक भावला. आपले दख्खनचे पठार ज्या ज्वालामुखीय उद्रेकातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले त्याचे मूळ शास्त्रज्ञ ज्या रियुनियन उष्णस्थळाशी (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येणाऱ्या जागेशी) जोडतात, त्याच उष्णस्थळाने पुढे कित्येक कोटी वर्षांनी तुमचे बेट समुद्रातून वर काढले. हाताला लागणारा दगड सह्याद्रीतलाच वाटत होता, आणि त्यात माझी कल्पनाशक्ती नव्हती. त्या डोंगरावर पळून गेलेले गुलाम आश्रयास राहत, त्यामुळे 2008 साली तो जागतिक वारसा ठरला. गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई आले तेव्हा ते पकडायलाच आले आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही तिथली आख्यायिका तुम्ही आम्हाला चढण्याआधी सांगितली होती, त्यामुळे वर पोहोचल्यावर मुलाने आरडाओरड केली नाही.

दुसऱ्या डोंगरी दिवसाची तुमची आखणी मला सर्वांत हुशारीची वाटली. पेत्रँपासून माकाबेच्या वाटेने ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान उतरत पार करायचे आणि गाडीने खालच्या बाजूला येऊन थांबायचे, म्हणजे चढ वाचतो; तोवर जवळच्याच गंगा तलावावर यजमानांनी सासूबाईंना दर्शन घडवायचे. वाटेत चिनी पेरूची तांबडी, आंबटगोड फळे आम्ही ओंजळीने खाल्ली. हे झाड बाहेरून आलेले असून तिथल्या मूळ जंगलाला गिळते आहे, त्यामुळे ते खाऊन पुण्यच लागेल, असे तुमचे म्हणणे होते. उतरताना माझे गुडघे सासूबाईंच्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखले, ही गोष्ट आमच्या घरी अजून सांगितली जाते.

ल पूस चढायला यजमान आणि मुलगा दोघेच गेले. 812 मीटरच्या त्या अंगठ्याच्या आकाराच्या शिखराकडे चार्ल्स डार्विन 1836 साली चढला होता, एवढ्यावरच मुलगा खूश होता. उसाला तुरे आले होते, आणि शेतांमधून काळ्या दगडांच्या उंच राशी उभ्या होत्या. त्या राशी कोणाच्या हातांनी रचल्या, हे मात्र आम्हाला शेवटच्या दिवशी आप्रवासी घाटावर नीट उमगले.

तो दिवस यादीत तुम्ही स्वतःहून घातला होता. माझ्या यादीत तो नव्हता. 1834 पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिया (करारावर नेलेले) मजूर ज्या बंदरात उतरले, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या सासूबाईंनी बघितल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आजोळी शेजारचे गुजराती कुटुंब साखरेला ‘मोरस’ म्हणत असे. तो शब्द तुमच्या बेटाच्या नावावरून आला, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळले. तिथेच तुम्ही सहज म्हणालात की तुमचे पणजोबा मुंबई बंदरातून निघाले आणि कागदोपत्री गावाच्या रकान्यात फक्त ‘रत्नागिरी’ एवढेच आहे. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर तुम्ही स्वतः पाहिले आहे. गणेश चतुर्थीला तुमच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते आणि ‘झाकरी’ नाचतात, हे ऐकून सासूबाईंनी ‘आमच्याकडे जाखडी’ म्हणत तिथेच दोन पावले टाकून दाखवली, तेव्हा तुमच्या डोळ्यांत आलेले पाणी आम्ही पाहिले नाही असे दाखवले.

उभे राहून खाल्लेली ती दाल पुरी, मिरचीचे गातो पिमाँ आणि फालुद्याची बहीण असलेली अलुदा यांचे पैसे तुम्ही आम्हाला देऊ दिले नाहीत. ती बाकी राहिली आहे.

रत्नागिरी जिल्हा मोठा आहे आणि त्या काळी तो आजच्यापेक्षाही मोठा होता, कारण आताचा सिंधुदुर्ग 1981 पर्यंत त्यातच होता. तेव्हा केवळ जिल्ह्याच्या नावावरून गाव सापडेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण पणजोबांच्या नोंदीची जी प्रत तुमच्याकडे आहे तिचे छायाचित्र पाठवावे. नाव, वडिलांचे नाव आणि जात यांवरून कुठल्या तालुक्यात चौकशी सुरू करावी, हे सांगू शकणारी दोन जुनी माणसे माझ्या ओळखीची आहेत. यावयाचे ठरलेच, तर तारखा मला आधी कळवाव्यात. जून ते सप्टेंबर मी खोडणार आहे, आणि पहिला प्रश्न तुमच्या गुडघ्यांचा विचारणार आहे.

सासूबाईंनी आमसुले आणि फणसाची साठे वेगळी बांधून ठेवली आहेत. तिकडे जाणारे कोणी भेटले की पाठवते.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीची भूगोलाची बाई