लॉकअपऐवजी ससून रुग्णालयात: फौजदार मॅडमना पत्र

फौजदार मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आभार मानायला फोन केला तेव्हा "कायद्यात आहे तेच केलं" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. पण कायद्यात आहे तेच करणारं कुणी भेटायला आम्हाला पुष्कळ वर्षं लागली.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या त्याने गुपचूप बंद केल्या होत्या. त्या रात्री स्वारगेटजवळच्या एका दुकानाची पाटी आपल्याला शिव्या देतेय असं वाटून त्याने दगड उचलला आणि काच फोडली. जमलेल्या लोकांनी हात साफ करून घेतले, कुणीतरी ११२ फिरवला आणि गस्तीवरच्या पोलिसांनी (मार्शलनी) त्याला ठाण्यात तुमच्यासमोर आणून उभं केलं.

पुढचं मला हवालदारकाकांकडून कळलं. सगळे म्हणत होते, पिऊन आलाय. तुम्ही जवळ जाऊन पाहिलंत. तोंडाला वास नव्हता. त्याला पाणी दिलंत, जेवलास का विचारलंत, आणि लॉकअपमध्ये न टाकता स्वतःच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवलंत. खिशात ओपीडीचा केसपेपर निघाला, त्यावरच्या नंबरावर मला फोन लावलात. "अटक केलेली नाही, संरक्षणात घेतलंय. ससूनला नेतोय, तुम्ही थेट तिकडेच या." पोलीस ठाण्यातून आलेल्या फोनवर असं काही ऐकायची आम्हाला सवय नाही हो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधलं कलम १०० मी नंतर वाचलं. आजारी वाटणारा, स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस भटकताना सापडला, तर ठाण्याने त्याला संरक्षणात घ्यायचं, लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. इतकं स्वच्छ लिहिलंय. आणि दुकानदारालाही तुम्ही वाऱ्यावर सोडलं नाहीत. त्यांची तक्रार ऐकून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केलीत. काचेचे पैसे आम्ही भरले, त्यांनीही पुढे ताणलं नाही.

याआधी एकदा, दुसऱ्या शहरात, असंच घडलं तेव्हा तो कोठडीत आणि तिथून तुरुंगात गेला. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळेना. नुसत्या तारखा पडत राहिल्या. आत गोळ्या कधी मिळाल्या, कधी नाही. सुटून आला तेव्हा आईने वाढलेलं ताटही तो संशयाने बघत होता. आजार जितका काळ उपचाराविना राहतो तितका तो आटोक्यात यायला जड जातो, हे डॉक्टरांनी सांगितलं; आम्ही ते घरात पाहिलं.

पुण्यात "याला येरवड्याला पाठवा" असं लोक सहज म्हणतात. मध्यवर्ती कारागृह तिथेच, प्रादेशिक मनोरुग्णालयही तिथेच. भावासारख्या माणसाच्या वाट्याला यातलं कुठलं फाटक येणार, हे कोर्टाच्या कितीतरी आधी, रात्रपाळीला खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरतं. मला याचीच धास्ती वाटते. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने १९८८ मध्ये अशा प्रसंगांसाठी खास प्रशिक्षण दिलेले पोलीस नेमायला सुरुवात केली, म्हणजे सगळं एखाद्या भल्या अधिकाऱ्याच्या नशिबी राहू नये. आपल्याकडे कलम आहे. ते रात्री अडीच वाजता आठवायला तुमच्यासारखं कुणी लागतं.

ससूनमध्ये बरोबर आलेले शिपाई साध्या कपड्यांत होते. ती सूचना तुमचीच होती म्हणे. डॉक्टर त्याला तपासायला घेईपर्यंत ते हलले नाहीत.

भाऊ आता बरा आहे. गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलंय, मामांच्या छापखान्यात बाइंडिंगला बसतो. खाकी दिसली की अजून रस्ता बदलतो, म्हणून त्याला तुमच्याकडे आणलं नाही. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी केसपेपरची झेरॉक्स आणि घरचा नंबर माणसाच्या खिशात ठेवावा. आमचं त्या रात्री त्यावरच निभावलं. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

या पत्राची एक प्रत पोलीस आयुक्तालयात टपालाने पाठवली आहे, तुमच्या कामाची नोंद व्हावी म्हणून. त्या प्रतीवर तुमचं नाव आहे. रागावू नका.

तुमची आभारी,
एक बहीण, पुणे